समोर तोंड करून

झामसिंग रहांगडाले आतल्या खोलीतून बाहेर आले ते एक हात पुढे धरून, उन्हातून आल्यावर माणूस घरात चाचपडत शिरतो तसे. डोळे त्यांचे धडधाकट होते. चाचपडत होते ते कानांनी. दोन्ही कानांमागे बदामी रंगाची नवी यंत्रं बसवलेली होती. मागून त्यांची सून पिशवी सांभाळत येत होती. चंचलनं नेहमीप्रमाणे मान वर केली, हसली, आणि दिवसभर सगळ्यांना म्हणायची तीच वाक्यं म्हटली, "काका, बसा थोडं. पाणी देऊ का? पुढच्या महिन्यात एकदा दाखवायला यायचं हं." म्हातारा जागच्या जागी थांबला. मग दोन्ही तळवे काउंटरवर टेकवून तिच्याकडे बघत म्हणाला, "बेटी, तू भेऊन काऊन बोलतेस?"

सून कानकोंडी झाली. "बाबूजी, काहीपन बोलता का? माफ करा मॅडम, नवीन मशीन हाये ना." पण झामसिंग हटले नाहीत. "मशीनचं काय त्याच्यात? मी खरं तेच सांगून राहिलो. या पोरीच्या आवाजात भेव हाये." एवढं बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष वरच्या पंख्याकडे गेलं. हा असा वाजते का, असं त्यांनी सुनेला विचारलं, आणि मग प्रत्येक पायरीला थांबत, स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकत ते जिना उतरून जवळच्याच गोरेगावची बस धरायला निघाले.

कानांच्या त्या दवाखान्यात माणसं दोनच होती, तपासणारे हिमांशु सर आणि समोरच्या काउंटरवर चंचल कापगते. गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत, राइस मिलच्या पट्ट्या विकणाऱ्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तिथे बसायला लागल्यापासून लोकांनी तिला पुष्कळ काही ऐकवलं होतं. 'मैडम, और कितना टाइम लगेगा,' 'माझ्या मागून आलेला आत कसा गेला,' 'तुम्हाले हसाले काय जाते.' पण तिच्या आवाजाबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. बोलले असतील तर फक्त सर, तेही पहिल्याच दिवशी. "आवाज छान आहे तुमचा. ओरडायचं नाही, कुणी कितीही बहिरा असला तरी. समोर तोंड करून, सावकाश, स्पष्ट. बस." ती तसंच बोलत आली. हा आवाज खुर्चीबरोबर, टेलिफोनबरोबर, भिंतीवरच्या कानाच्या चित्राबरोबर मिळाला असावा असंच तिनं धरलं होतं. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा तिला राग आला नाही, हे तिच्या लक्षात आलं. वाईटही वाटलं नाही. जेवताना जिभेला अचानक दाताचा उडालेला टवका लागावा आणि मग दिवसभर जीभ तिथंच जात राहावी, तसं मात्र तिचं झालं. भेव? कुणाचं?

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं टेबलाखाली मोबाइल धरला आणि आपलंच बोलणं त्यात भरून घेतलं. नमस्कार, बोला. सर आत पेशंट बघताहेत. एक मिनिट हं. नाव सांगता का. मग मोबाइल कानाला लावून ऐकलं. पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं ते तिलाही वाटलं, की ही बाई भलतीच कुणी तरी आहे. दुसऱ्यांदा ऐकताना तिला त्या बाईची सवय झाली, आणि तिसऱ्यांदा तिला दिसलं. बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटाला आवाज जरासा वर उचलत होती. बारीकसा, पायाच्या चवड्यांवर उभं राहून खिडकीतून आत डोकावावं इतकाच. 'सर आत पेशंट बघताहेत' ही साधी माहिती होती, पण ती सांगताना बाई विचारत होती, चालेल ना? 'नमस्कार' म्हणतानासुद्धा विचारत होती. आणि तो 'हं'! प्रत्येक वाक्याच्या मागे तो हात जोडून उभा होता. चंचलला हसू आलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि समोर बसलेल्या दोघांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा झोपला होता. तिनं हलक्या आवाजात, शेवट न उचलता म्हणून पाहिलं, "नमस्कार." ते वाक्य धप्पकन खाली पडल्यासारखं वाटलं आणि ती दचकून इकडेतिकडे बघू लागली.

जिना चढून येणाऱ्या माणसाचे कान गेलेत की सोबत्याचे, हे तिला आता सांगावं लागत नसे. ज्यांना ऐकू येत नाही ते तक्रार घेऊन येतात, पण स्वतःची नव्हे. सून पुटपुटते, टीव्हीवाले हळू बोलतात, हल्लीच्या पोरांना तोंड उघडायचा कंटाळा. कान गेल्याचं माणसाला स्वतःला फार उशिरा कळतं. आधी त्याला वाटतं की जगच कुजबुजायला लागलं. मग ती माणसं जिथं हो म्हणायचं नाही तिथं हो म्हणतात, सगळे हसून झाल्यावर हसतात, बैठकीतून लवकर उठतात, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघतात. चंचलला हे सगळं पाठ होतं. एखाद्या मिरवणुकीत, बँकेच्या रांगेत उभी असताना ती उगीच मनात म्हणायची, हा एक, ती एक. म्हणूनच पुढे जे घडलं त्याचं तिचं तिलाच नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सर जेवायला घरी गेल्यावर ती तपासणीच्या खोलीत गेली. आत आणखी एक खोली होती, कपाटाएवढी. तिच्या भिंतींना आतून जाड राखाडी स्पंज लावलेला. तिथं पेशंटला बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवायचे. ती झाडायला, पुसायला रोज तिथं जायची, पण दार लावून कधी बसली नव्हती. आज तिनं दार ओढून घेतलं. पहिल्यांदा कानांवर कुणीतरी उशी दाबली असं वाटलं. खालच्या दुकानातली घासाघीस, गल्लीतले हॉर्न, पंखा, सगळं पुसलं गेलं. मग हळूहळू आतलं ऐकू यायला लागलं. मानेतल्या शिरेची धडधड, गिळताना होणारा गचका, ओढणी खांद्यावरून सरकल्याची खसखस. ती इतकी आवाज करते हे तिला माहीत नव्हतं. तिनं स्वतःचं नाव घेतलं. "चंचल." आवाज तोंडापासून वीतभर अंतरावर मेला. इथं कुणी ऐकणार नव्हतं, भिंतीसुद्धा परत बोलणार नव्हत्या. तेव्हा तिनं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं, एक शब्द म्हटला. "नाही." तो हळूच म्हणायचा असं तिनं ठरवलं होतं. पण निघाला तो छातीतून, जाडाभरडा, आणि त्याच्या शेवटाला काहीही उचललेलं नव्हतं. स्पंजनं तो गिळला. चंचल मात्र गुडघे जवळ घेऊन तशीच बसून राहिली, कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिनं शेवटचा नवेगाव बांध या तिच्या गावी, आपल्या घरच्या ओसरीवर ऐकला होता.

साक्षगंधाचा दिवस. ओसरीभर सतरंज्या, पाहुणे दाटीवाटीनं बसलेले, कुणाच्या तरी मांडीवर पेढ्यांचं ताट. मुलगा साकोलीकडचा, नोकरीवाला, दिसायला ठीक. नाव ठेवायला जागा नव्हती. अंगठीची डबी उघडली गेली, तिला हात पुढे करायला सांगितलं, आणि तिच्या तोंडून "नाही" निघालं. कुजबुजून नव्हे. तिचा आवाज तेव्हा मोठाच होता. तलावाच्या पाळीवर उभं राहून तिनं हाक मारली की खाली धानाच्या बांध्यांत काम करणाऱ्या बाबांना ती सरळ ऐकू जायची. मधल्या शेतांतली माणसं म्हणायची, केशोरावची पोरगी जेवाले बोलावून राहिली. त्याच आवाजात ती नाही म्हणाली. ओसरी थिजली. कुणीतरी हसून सावरायला गेलं, तर ती पुन्हा म्हणाली. त्यानंतर काय काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं: आईचा पदर तोंडात, पाहुण्यांची गाडी मागे घेताना तुळशीच्या कठड्याला बसलेला धक्का, आणि बाबांची पाठ. बाबा काहीच बोलले नाहीत. रागावलेसुद्धा नाहीत. ते उठले आणि शेतावर गेले. काऊन नाही म्हणालीस, हे सगळ्या गावानं विचारलं, आणि तिनं प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. पुढे शिकायचं हाये. मुलगा पसंत नाही. इतक्यात लग्नच नाही करायचं. बाबांनी तेवढं विचारलं नाही. महिन्याभरात ती गोंदियाला मावशीच्या घरी आली, आणि मग या काउंटरवर.

आता या बंद खोलीत ती एखादा गुंता बोटांनी उकलावा तसं आठवत गेली. त्यानंतर बाबा तिच्याशी बोललेच नव्हते. फोन केला की पलीकडून एक श्वास यायचा, मग बाबांचं "घे, तुयी पोरगी," आणि मग आई. ती घरी गेली की बाबा अंगणात पाठ करून काहीतरी करत बसलेले. ती मागे उभी राहून "बाबा, मी आली" म्हणायची. उत्तर नाही. ती थोडा वेळ थांबायची आणि आत जायची. कधी समोर आले तरी त्यांची नजर तिच्या नजरेला भिडायची नाही, तिच्या हनुवटीपाशी कुठंतरी अडकायची. मागच्या वर्षी आईनं सांगितलं की त्यांनी पाणीवाटपाच्या समितीतून नाव काढून घेतलं. तलावाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं हे ठरवणारी ती समिती. आजोबांपासून घराचा मान होता तो. का सोडलं हे आईनं सांगितलं नाही, चंचलनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. ज्याच्या पोरीनं भरल्या ओसरीत तसं केलं, त्यानं चार लोकांत बसायचं कोणत्या तोंडानं? तेव्हापासून घरी बोलताना तिचा आवाज खाली खाली गेला होता. आणि मग, तिला वाटलं, तोच आवाज ती बसमध्ये बसवून गोंदियाला घेऊन आली आणि काउंटरवर ठेवला. म्हातारा बरोबर बोलला होता. भीतीला मालक होता. त्याचं नाव केशोराव कापगते.

हे सापडल्यावर तिला रडू यायला हवं होतं, पण आली ती उत्सुकता. बाबांसमोर आपला आवाज नेमका कसा होतो, ते तिला ऐकायचं होतं. रविवारी ती सकाळच्या एसटीनं निघाली. खिडकीशी बसून सगळ्याकडे कान देत गेली. गोरेगावच्या बाजारात भाजीवाल्यांचे आवाज कुणाचीच परवानगी मागत नव्हते. कोहमाऱ्याला गाडी थांबली तेव्हा ढाब्यावरचा पोऱ्या "चाय, गरम चाय" असं ओरडत आला आणि एका ट्रकवाल्यानं त्याच्या वरताण हॉर्न वाजवला. पुढे जंगल लागलं, मग कापून झालेली धानाची शेतं, खळ्यांवर रचलेले पेंढ्यांचे पुंजणे, आणि तलावाची लकाकी.

घरासमोरच्या रस्त्यावरच, कडेला, बाबा खाली बसले होते. रस्त्याकडे पाठ करून बांबूच्या कामट्या सोलत होते. जवळ अर्धवट विणलेली टोपली. चंचल त्यांच्या मागे, चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी आली." तिनं स्वतःचा आवाज लक्ष देऊन ऐकला. खरंच, शेवट वर उचललेला होता, अगदी लहान पोरीसारखा. बाबांची पाठ हलली नाही. एरवी ती इथून आत निघून गेली असती. आज ती उभी राहिली, कारण तिला अजून ऐकायचं होतं. तेवढ्यात तिच्या मागून मोटरसायकल आली. शेजारचा लखन होता. त्यानं हॉर्न वाजवला तो चंचलसाठी. ती बाजूला झाली. बाबा तिथंच, निम्मे रस्त्यात. लखननं त्यांच्यासाठी हॉर्न वाजवला नाही. गाडीचा वेग जराही न बदलता, रोजच्या सवयीनं, त्यानं त्यांना अलगद वळसा घातला आणि निघून गेला. गाडी अगदी खांद्याजवळून गेली तेव्हा कुठं बाबांनी धुराळ्यानं डोळे मिचकावले आणि मान वर केली.

चंचलच्या हातातली पिशवी खाली गेली. लखनला माहीत होतं. त्या वळशात सगळं होतं. गावातल्या प्रत्येक मोटरसायकलला, बैलबंडीला, शेळ्या हाकणाऱ्या पोरांना माहीत होतं की केशोरावांना मागून आवाज द्यायचा नसतो, वळसा घालायचा असतो. माहीत नव्हतं ते एका तिला. जिना चढणाऱ्या कुणाकडेही बघून ओळखणाऱ्या तिला. हनुवटीपाशी अडकणारी नजर, फोन लगेच आईकडे देणं, लोकांतून उठून जाणं, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल कुणी काउंटरवर सांगितलं असतं, तर तिनं न विचारता नाव लिहून घेतलं असतं. आपल्या बापाच्या बाबतीत मात्र तिच्याजवळ आधीच दुसरं कारण तयार होतं. ते इतकं मोठं होतं की त्याच्या मागचं तिला काही दिसलंच नाही.

ती वळसा घालून पुढे गेली आणि त्यांच्या समोर उकिडवी बसली. समोर तोंड करून. सावकाश. "बाबा. मी काय म्हणते ते ऐकू येते?"

बाबांची नजर तिच्या ओठांवर आली. ती नजर तिनं रोज पाहिली होती. "येते ना," ते म्हणाले. "कवा आली?"

"आत्ताच. मागून आवाज दिला तुमाले."

"तू हळू बोलतेस. शहरात गेली तवापासून तोंडातल्या तोंडात बोलून राहिली. मले वाटे, लाज वाटते हिले आता आमच्याशी बोलाले."

चंचलला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "लाज? मले?"

"मंग काय तं? पहिले पाळीवरून बोंबलत जाये. आता घरात येते तं मांजरावानी." त्यांनी कामटी उचलली, पुन्हा ठेवली. "मी समजलो, जाऊ दे. मोठ्या हापिसात काम करते पोरगी."

आवाज ऐकून आई कुंदाबाई बाहेर आली. तिचा आवाज पहिल्यापासूनच अख्ख्या आळीला पुरेल असा. "आली का व? सांगून तं यावं! काय झालं, दोघं बाप-लेक रस्त्यात बसून?" चंचलनं मान वळवून विचारलं, "आई, बाबाले ऐकू येत नाही. तू काऊन नाही सांगितलं?" आई जोरात म्हणाली, "येते कसं नाही? मी बोलली का येते. लोकच हळू बोलतात म्हनते तुया बाप. येक मी सोडून सारं गाव हळू बोलते म्हने!" बाबांनी हे ऐकलं. त्यांना हसू आलं ते त्यांनी मिशीत लपवलं.

जेवताना ती त्यांच्या बाजूला नव्हे, समोर बसली. "समिती काऊन सोडली बाबा?" तिनं विचारलं. बाबा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बैठकीत चार लोक येकदम बोलतात. कोन काय म्हनते समजे नाही. मी हो म्हनून देऊ. येकदा भलत्यालेच हो होऊन गेलं. वरच्या शेताचं पानी खालच्याले गेलं. धान वाळलं वरच्याचं. त्यानं मले काही म्हनलं नाही, पन मीच म्हनलो, आता बसाचं नाही." एवढंच. तिनं ज्या गोष्टीचं ओझं वर्षभर गोंदियाच्या त्या जिन्यावरून वर-खाली वाहिलं होतं, ती गोष्ट तिची नव्हतीच. हलकं वाटायला हवं होतं. पण ताटावर वाकलेल्या त्या माणसाला, चौघांत बसून काहीच न समजणाऱ्या, तरी मान हलवणाऱ्या त्या माणसाला ती आज पहिल्यांदा बघत होती, आणि ते बघणं हलकं नव्हतं.

मशीनचं नाव काढताच बाबा उखडले. बुढ्यासारखं कानात काय लावून फिरू, म्हणाले. आईनं बाजू घेतली, तर तिच्यावरही. मग चंचलनं वेगळंच विचारलं. "मी कुठं काम करते ते तुमी कधी पाहिलं नाही. पाहाले तं या." बाबांनी तिच्या ओठांकडे पुष्कळ वेळ पाहिलं, जणू तिथं आणखी काही लिहिलेलं होतं. "पाहाले येईन," ते म्हणाले. "लावाले नाही."

ते आले ते बुधवारी, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, एकटेच. जिना चढून दारात थांबले आणि काउंटर, भिंत, खुर्च्या, टेलिफोन असं सगळं एकदा बघून घेतलं. मग काउंटरमागच्या चंचलकडे असं पाहिलं, जणू ही जागा तिला कुणी दिली हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. चंचल उठून उभी राहिली. आत पेशंट होता. बाहेर एक बाई आपल्या सासऱ्याला घेऊन बसली होती आणि एक तरुण मास्तर. सर दारातून म्हणाले, "नेक्स्ट भेजो." रोज ती नाव पुकारायची. आज पुढचा नंबर तिनं आधीच वडलांचा लावून ठेवला होता; आता तिला त्यांचं नाव पुकारायचं होतं. घरात ते नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. शिवाय पुकारून उपयोग नव्हता. ती बाहेर आली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना आत नेऊन त्या स्पंजाच्या खोलीत बसवलं. दाराच्या काचेतून ते तिला दिसत होते. कानावर हेडफोन, मांडीवर हात, शाळेत बसवलेल्या पोरासारखे ताठ. सर एकेक आवाज सोडत होते. जो आवाज चंचललासुद्धा सरांच्या यंत्रातून पुसट ऐकू येत होता, त्यालाही बाबांचा हात वर येत नव्हता. ती दार लोटून काउंटरवर आली आणि तिथं आलेल्या फोनवर एका बाईला पत्ता सांगत राहिली.

बाबांनी शेवटी मशीन लावून घेतलं, ते सरांच्या हिंदीमुळे. "लेना मत बाबा. सिर्फ आधा घंटा लगाके बाहर बैठो, अपनी बेटी का काम देखो." ते बाहेर येऊन काउंटरच्या जवळच्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदा त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पिशवी चाळवणाऱ्या बाईकडे त्रासून. नंतर ते डोळे मिटून बसले. चंचल कामाला लागली. मास्तरांचं नाव लिहून घेतलं, सासऱ्यांना आत पाठवलं, फोन घेतले. आपलं प्रत्येक वाक्य बाजूच्या खुर्चीत जाऊन पडतंय हे तिला कळत होतं. मान न वळवता तिनं विचारलं, तिच्या साध्या आवाजात, "बाबा, त्रास नाही ना होत?"

"नाही," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. ओठांकडे न बघता त्यांनी तिला उत्तर दिलं होतं. चंचलचा पेन थांबला.

आणि मग तिला ते विचारावंसं वाटलं. रविवारपासून ती मनाशी एक आशा धरून होती, तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. "बाबा, साक्षगंधाच्या दिवशी मी नाही म्हणाली. तुमाले तेव्हा ऐकू आलं होतं?"

बाबांनी डोळे उघडले. "आलं होतं," ते म्हणाले. "चांगलं आलं होतं. साऱ्या गावाले आलं." त्यांची नजर समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या चित्रावर गेली. "पहिले येक साल तं रागच होता मले. मंग कान गेले. मंग माया मलेच समजे नाही, का तुयाशी बोलत नाही तो राग हाये का कान हायेत. तसंच चालून गेलं."

मास्तर वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटायचं विसरले होते. चंचलला हसू फुटलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मी तुले तवा इचारलो नाही. आता आइकू येऊन राहिलं तं सांग. काऊन नाही म्हनली?"

तिच्याजवळ उत्तरं होती. शिकायचं होतं. मुलगा पसंत नव्हता. सगळी घासून गुळगुळीत झालेली. त्यांतलं एक उचलून द्यायला तिनं तोंड उघडलं, आणि निघालं ते जे तिनं त्या दिवसापासून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिचा आवाज हळू नव्हता. "अंगठी काढली तेव्हा मी दाराकडे पाहिलं. तुमी त्या मुलाच्या काकासमोर हात जोडून उभे होते. तो म्हणाला, पोरगी रंगानं जरा दाबून हाये केशोराव, पन आमी चालवून घेऊ. आणि तुमी हसले बाबा. तसे तुमी कधी हसत नाही. मले मुलगा चांगला होता का वाईट, काही माहीत नाही. मी ते हसणं पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं."

 खालच्या दुकानात कुणीतरी लोखंडी कपाट ओढलं. बाबा काही बोलले नाहीत. पण हे न बोलणं तिनं आजवर ओळखलं होतं त्यातलं नव्हतं. याला सगळं ऐकू आलेलं होतं. त्यांनी एकदा धोतराची निरी सारखी केली.

"हसलो होतो मी?" त्यांनी विचारलं.

"हो."

 कानामागे हात नेत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "याचा आवाज कमी कुठून करतात व?"

"मागं बटन हाये. खालचं," चंचल म्हणाली.

बाबांचं बोट मशीनवरून फिरत गेलं, खालच्या बटनापाशी आलं आणि तिथं थांबलं. त्यांनी ते दाबलं नाही. बोट तसंच ठेवून ते बसून राहिले.